नागपूरच्या कृषी केंद्रांतली जिवाणू खताची बाटली: मिरची-वांग्याच्या रोपांसाठी घ्यावी का?

घ्यावी, पण कंपनीचं नाव वाचायच्या आधी उत्पादनाची तारीख वाचावी. मे महिन्यात घेत असाल तर दुकानदाराने बाटली आतल्या गार खोलीतून आणली की उन्हाकडे तोंड असलेल्या काचेच्या कपाटातून काढली, हेही बघून ठेवावं. आत किती पेशी जिवंत आहेत यावरच या मालाची किंमत ठरते, आणि आपला उन्हाळा त्या पेशींची गय करत नाही.

हा आढावा कुठल्या एका ब्रँडचा नाही. अझोस्पिरिलम आणि अझोटोबॅक्टर हे नत्र स्थिर करणारे जिवाणू, पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, आणि या सगळ्यांची मिश्रणं ज्या बाटल्यांतून नि पाकिटांतून नागपूर शहरापासून भिवापूर-काटोलपर्यंत विकली जातात, त्या मालाचा आहे. कसोटी एकच धरली आहे: प्रो-ट्रेमधल्या (कप्प्यांच्या प्लास्टिक ट्रेमधल्या) किंवा गादीवाफ्यावरच्या भाजीपाला रोपांच्या मुळांवर फरक पडतो का? उभ्या पऱ्हाटीला किंवा तुरीला काय फायदा होतो, तो हिशेब वेगळा.

बाटलीवर ठळक अक्षरांत असतं, ‘हवेतील नत्र स्थिर करते’. खोटं नाही ते. पण ३५-४० दिवसांच्या मिरचीच्या रोपाला त्या वाटेने मिळणारा नत्र किरकोळच. रोपवाटिकेत या जिवाणूंचं खरं काम दुसरं आहे. ते मुळाला चिकटतात आणि तिथेच संजीवकं, म्हणजे झाडाची वाढ ठरवणारी द्रव्यं, तयार करतात. त्यातलं मुख्य म्हणजे इंडोल अ‍ॅसेटिक आम्ल, झाड स्वतः बनवतं तेच ऑक्झिन. त्याचा कच्चा माल, ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल, मुळाच्या पाझरातून मिळतं. म्हणजे रोपाने पाझरायचं, जिवाणूने त्याचं ऑक्झिन करून परत मुळाला द्यायचं. अझोस्पिरिलम ब्रासिलेन्स या जातीत ऑक्झिन बनवण्यातला कळीचा जनुक निकामी केला की मुळांवरचा परिणाम बराच ओसरतो, हे प्रयोगशाळेत तपासून झालेलं आहे.

दिसतं काय? मुख्य मूळ जरा आखूड राहतं, बाजूची तंतुमुळं वाढतात आणि टोकाजवळची केशमुळं दाट होतात. ट्रेमधून रोप ओढलं की कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गड्डा न फुटता अख्खा बाहेर येतो. वरून मात्र पहिले २०-२५ दिवस शेजारच्या ट्रेपेक्षा फारसं वेगळं काही दिसत नाही. ‘टाकून पाहिलं, काही फरक नाही’ म्हणणारे बहुतेक जण पानांकडे बघत असतात.

जिवाणूंचे बाकीचे उद्योगही आहेत. बॅसिलस आणि अझोस्पिरिलमच्या काही जाती जिबरेलिन आणि सायटोकायनिन ही संजीवकंही बनवतात. अनेक स्युडोमोनासमध्ये एक विकर (एन्झाइम) असतं, जे इथिलीनचा कच्चा माल मुळाजवळच फोडून टाकतं. रोपाला उन्हाचा किंवा पाण्याचा ताण बसला की इथिलीन वाढून मूळ थांबतं. हे जिवाणू तिथे ब्रेक थोडा सैल करतात. मृगाच्या तोंडावर टाकलेल्या मिरचीच्या रोपांना याचा उपयोग व्हायला हवा, फक्त बाटलीतला जिवाणू त्या गुणाचा असला पाहिजे. लेबलवरून ते कळत नाही.

लेबल काय सांगतं आणि काय लपवतं, ते नीट बघण्यासारखं आहे. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे द्रवरूप जिवाणू खतात मिलिलिटरला किमान १० कोटी आणि भुकटीच्या पाकिटात ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात. शिवाय प्रत्येक जिवाणूला त्याच्या कामाची परीक्षा आहे. अझोस्पिरिलमने नत्रविरहित अर्धघट्ट माध्यमात पृष्ठभागाखाली पांढरी साय धरली पाहिजे. अझोटोबॅक्टरने १ ग्रॅम साखरेमागे १० मिलिग्रॅम नत्र स्थिर केला पाहिजे. पीएसबीने ताटलीवर स्फुरद विरघळवून स्वच्छ कडं दाखवलं पाहिजे. यात संजीवकाची परीक्षा कुठेच नाही. त्यामुळे सगळ्या कसोट्या पास झालेली बाटली ऑक्झिन बनवण्यात अगदी ढ असू शकते, आणि यात कायद्याने काही चुकीचंही नाही.

काही पत्रकांत मग कंपन्या स्वतःहून आकडा छापतात, ‘मिलिलिटरला इतके मायक्रोग्रॅम ऑक्झिन’. हा आकडा बहुधा सालकोव्स्की चाचणीचा असतो. जिवाणू वाढवलेल्या द्रवात फेरिक क्लोराइड आणि परक्लोरिक आम्लाचं मिश्रण घालायचं, गुलाबी रंग किती आला ते ५३० नॅनोमीटरवर मोजायचं. रंग येतो, पण ऑक्झिनखेरीज त्याच्या कुळातली इतर संयुगंही तो देतात, म्हणून आकडा फुगतो. वर त्या द्रवात बाहेरून ट्रिप्टोफॅन घातलेलं असतं. मुळावर ते इतकं कुठून मिळणार? दोन बाटल्यांतली ऑक्झिनची संख्या बघून एक निवडायची असेल तर त्यापेक्षा दोघींची तारीख बघावी. (ही चाचणी घरी करायच्या फंदात पडू नका. परक्लोरिक आम्ल धोकादायक आहे.)

आता मात्रेकडे येऊ. इथेच सर्वांत जास्त घोळ होतो.

बियाण्याला किलोमागे १० मिलिलिटर, अशी सूचना सरसकट सगळ्या बाटल्यांवर असते. १० मिलिलिटरमध्ये १०० कोटी पेशी. हरभऱ्याचे किलोत साधारण ५ हजार दाणे बसतात, म्हणजे दाण्यामागे २ लाख पेशी येतात. गव्हाचे २५ हजार, दाण्यामागे ४० हजार. टमाट्याचं बी किलोत ३ लाखांच्या घरात जातं. तिथे बियामागे ३ हजारांच्या आसपास पेशी, त्यातल्याही वाळवताना बऱ्याच मरणार. त्यातून संकरित मिरची-टमाट्याचं बी लाल-निळ्या रंगात, थायरमसारखं बुरशीनाशक चोळून आलेलं असतं. त्यावर जिवाणू लावणं म्हणजे पैसे धुऊन टाकणं. बारीक बियांच्या भाज्यांना बीजप्रक्रिया सोडून द्यावी आणि ट्रेमध्ये द्रावण ओतावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ओतायचं किती? १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर घेतलं तर मिलिलिटरला ५ लाख पेशी होतात. ९८ कप्प्यांच्या ट्रेला १ लिटर द्रावण ओतलं तर प्रत्येक कप्प्यात साधारण १० मिलिलिटर, म्हणजे ५० लाख पेशी पडतात. अझोस्पिरिलमच्या प्रयोगांत रोपामागे १० लाख ते १ कोटी पेशींच्या पट्ट्यात मुळं चांगली वाढलेली दिसतात. १० कोटींच्या पुढे गेलं की उलटं होतं, मूळ आखडतं. कारण ऑक्झिन हे मुळाला अगदी चिमूटभर लागतं. जास्त झालं की तेच मूळ लांब होऊ देत नाही. जातीप्रमाणे हा पट्टा थोडा इकडेतिकडे सरकतो, पण दिशा तीच.

आता समजा कुणी ‘जैविकच तर आहे, जास्त टाकलं म्हणून काय बिघडतं’ म्हणून लिटरला ५० मिलिलिटर टाकलं आणि आठवड्याने परत तेवढंच टाकलं. ताजी बाटली असेल तर कप्प्यात १० कोटी पेशी गेल्या, शिवाय बाटलीतच बनून तयार असलेलं ऑक्झिन वेगळं. अशा ट्रेमधली मुळं जाड, बुटकी, टोकाला फुगलेली दिसतात, आणि पांढरा जाळीदार गड्डा बनतच नाही. तेच ५० मिलिलिटर वर्षभर उन्हात राहिलेल्या बाटलीतून टाकले तर काहीच होत नाही, आणि माणूस समजतो की मात्रा कमी पडली. म्हणून तारीख आधी आणि मोजमाप नंतर. औषधाचं झाकण मोजायला वापरू नका. दहा मिलिलिटरची सिरिंज मेडिकलमध्ये मिळते.

पद्धत अशी. ट्रेमध्ये भरायच्या आधी कोकोपीट दोन-तीनदा धुऊन घ्या; धुतलेलं नसेल तर त्यातले क्षार आधी रोपालाच मारतात, जिवाणूंचं सोडा. नळाचं पाणी वापरत असाल तर रात्रभर उघड्या बादलीत ठेवा. नळाच्या पाण्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलेलं असावं असा दंडक आहे, आणि जिवाणू मारायलाच ते घातलेलं असतं. विहिरीचं चालतं. बाटली हलवून घ्या, तळाचा गाळ म्हणजेच पेशी. द्रावण संध्याकाळी ओता, शेडनेटखाली, कोकोपीट ओलसर पण निथळलेलं असताना. तुडुंब ओल्या ट्रेमध्ये ओतलं तर निम्मं खालच्या भोकांतून जातं. पहिला हप्ता बी उगवून आल्यावर लगेच, दुसरा पहिली खरी पानं निघाली की. तिसरा पुनर्लागवडीच्या वेळी: लिटरला १० मिलिलिटरच्या द्रावणात मुळं १५ मिनिटं बुडवून थेट वाफ्यात. द्रावण केलं की दोन-तीन तासांत संपवायचं, उद्यावर ठेवायचं नाही.

खर्चाचा अंदाज यावरूनच निघतो. २५० मिलिलिटरच्या बाटलीत एका हप्त्याचे ५० ट्रे होतात, म्हणजे ४,९०० रोपं. ६० बाय ६० सेंटिमीटरवर एकराला साधारण ११,२०० मिरचीची रोपं लागतात. तूट धरून १२५ ट्रे. दोन हप्ते आणि मुळं बुडवणं मिळून दीड लिटरच्या आसपास लागेल. बाटलीचा भाव काय तो दुकानात बघा, पण रोपामागे खर्च पैशांतच राहतो, आणि पुनर्लागवडीत मर कमी झाली तर वसूल होतो.

नासतं कशाने? पहिलं कारण ऊन. बाटलीवर २५ ते २८ अंशांत ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. दुचाकीच्या डिकीत दोन तास राहिलेली बाटली किती जिवंत असेल, याचा विचार करा. इथे कुठला जिवाणू आहे याने फार फरक पडतो. अझोस्पिरिलम आणि स्युडोमोनास बीजाणू करत नाहीत, उन्हात सरळ मरतात. बॅसिलस बीजाणू करतो आणि तग धरतो. अझोटोबॅक्टर कवच करतो, तो मधला. म्हणून आमचा सल्ला असा: ऑक्टोबर ते फेब्रुवारीत रब्बी आणि उन्हाळी रोपांसाठी अझोस्पिरिलमची बाटली बिनधास्त घ्या. मे-जूनच्या मिरचीसाठी लेबलवर ‘बॅसिलस मेगाटेरियम’ असं नाव असलेली पीएसबी घ्या. तोही ऑक्झिन बनवतो. नुसतं ‘पीएसबी’ लिहिलेलं आणि जातीचं नाव नसलेलं असेल तर दुसरी बाटली मागा, जातीचं नाव लेबलवर असायलाच हवं. तिथे बहुतेकदा स्युडोमोनास स्ट्रायटा असतो, आणि तो उन्हाचा गडी नाही.

दुसरं कारण औषधं. रोपं कोलमडायला लागली की आपल्याकडे कॉपर ऑक्सिक्लोराइड ओततात. तांबं बुरशीबरोबर जिवाणूही मारतं. स्ट्रेप्टोसायक्लिन तर जिवाणूनाशकच आहे, ते दिल्यावर बाटलीचे पैसे गेले असं समजावं. मेटालॅक्झिल या बुरशीनाशकाचा त्रास त्या मानाने कमी. तांबं द्यावंच लागलं तर मध्ये ८ ते १० दिवस जाऊ द्या आणि जिवाणूंचा हप्ता पुन्हा द्या. बीजप्रक्रियेतही क्रम तोच: बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि जिवाणू सर्वांत शेवटी, पेरणीच्या अगदी आधी.

रंग-वासाबद्दल शंका फार येतात. अझोस्पिरिलमची बाटली मळकट पांढरी ते फिकट गुलाबी असते. अझोटोबॅक्टर क्रोकोकम वय वाढलं की तपकिरी-काळसर रंग सोडतो, म्हणून तपकिरी बाटली खराबच असं नाही. पण झाकण उघडताना फुस्स करून हवा निघाली, ताडीसारखा आंबूस वास आला किंवा वर बुरशीचा पापुद्रा दिसला, तर आत यीस्ट किंवा दुसरंच काहीतरी वाढलं आहे. परत करा. बिल ठेवलेलं असेल तरच दुकानदार ऐकतो, हे सांगायला नको.

जातच ऑक्झिन करण्यात कमजोर असेल तर लेबल सांगणार नाही, हे वर आलंच. त्याला उपाय तीन ट्रेचा. एकाच बियाण्याचे, एकाच दिवशी भरलेले, एका रांगेत ठेवलेले तीन ट्रे घ्या. पहिल्याला नुसतं पाणी. दुसऱ्याला बाटलीतलं द्रावण १५-२० मिनिटं उकळून, गार करून. तिसऱ्याला जिवंत द्रावण. मात्रा आणि वेळ सारखीच. उकळलेला ट्रे फार महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी करत नाही. बाटलीत जिवाणूंबरोबर साखर, खनिजं आणि आधीच बनलेलं थोडं संजीवकही असतं. उकळल्यावर जिवाणू मरतात, बाकीचं बरंचसं राहतं. म्हणून दुसरा आणि तिसरा यांच्यात जो फरक तो जिवंत जिवाणूंचा, आणि पहिला-दुसरा यांच्यातला फरक द्रवाचा. ३० व्या दिवशी प्रत्येक ट्रेच्या मधल्या भागातून दहा-दहा रोपं काढा (कडेची नको, ती लवकर वाळतात), मुळं बादलीत हलक्या हाताने धुवा, काळ्या कापडावर पसरून बाजूची मुळं मोजा. उंची मोजायचा मोह होईल. मोजा, पण निकाल मुळांवर द्या. तिसरा ट्रे दुसऱ्यापेक्षा उजवा नसेल तर त्या बाटलीचे जिवाणू मेलेले आहेत किंवा ऑक्झिनच्या कामाचे नाहीत.

आणि दुसरा ट्रेच फार जोमदार दिसला तर? मग बाटलीत बाहेरून संजीवक घातल्याचा संशय घ्यायला जागा आहे. तीन दिवसांत रोपं लांबुडकी, फिकट, कमरेत बारीक झाली तर जिबरेलिनचा वास येतो. मिरचीची पानं वळली, मुळाचा गळा फुगला तर ऑक्झिनचा. जिबरेलिक आम्ल, एनएए (कृत्रिम ऑक्झिन) ही रासायनिक संजीवकं कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नोंदणी करून विकायची असतात, जिवाणू खताच्या नावाने नाही. ‘रूट बूस्टर’ म्हणून मिळणाऱ्या रंगीत बाटल्यांचाही इथेच उल्लेख करतो: ह्युमिक, समुद्री शेवाळाचा अर्क वगैरे. २०२१ पासून ती जैव-उत्तेजक म्हणून खत नियंत्रण आदेशाखाली येतात. वाईट नाहीत, पण त्यातलं काहीही मुळावर वाढत नाही. दिलं तेवढंच, तेवढाच वेळ. दोन्हींपैकी एकच परवडणार असेल तर रोपवाटिकेसाठी जिवंत जिवाणू.

लिग्नाइटच्या भुकटीचं २५० ग्रॅमचं पाकीट बाटलीपेक्षा स्वस्त पडतं. हरभरा, गहू, सोयाबीनला तेच घ्यावं: १० किलो बियाण्याला एक पाकीट, गुळाच्या गार केलेल्या द्रावणात कालवून, चोळून, सावलीत वाळवून त्याच दिवशी पेरणी. ट्रेसाठी मात्र गैरसोयीचं. भुकटी झारीच्या तोंडात अडकते, कप्प्यांत सारखी पडत नाही, आणि बहुतेक पाकिटांची मुदत ६ महिन्यांचीच असते.

संत्र्याच्या रोपवाटिकावाल्यांसाठी दोन ओळी. जंबेरी आणि रंगपूर लाइमच्या खुंटरोपांना हे जिवाणू चालतात, पण तिथे खरा शत्रू फायटोफ्थोरा, म्हणजे मुळं कुजवणारी बुरशी, आहे आणि त्याच्यासाठी बोर्डो वापरलं जातं, म्हणजे पुन्हा तांबं. आधी माध्यम निर्जंतुक आणि निचऱ्याचं करा, ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) द्या, मग ऑक्झिनवाल्या जिवाणूंचा विचार करा. घाणेरड्या मातीत मुळं वाढवली तर बुरशीलाच जास्त खायला मिळतं.

माल कुठून घ्यावा? जिथे विक्री जोरात आहे तिथून, म्हणजे तारीख ताजी मिळते. पेटीभर घेणार असाल तर गट करून थेट उत्पादकाकडून मागवा आणि गाडी रात्रीची सांगा. मालाबद्दल गंभीर शंका असेल तर कृषी विभागाच्या खत निरीक्षकाला नमुना काढायला सांगता येतं. जिवाणू खतांचे नमुने तपासायला नोंद असलेल्या प्रयोगशाळांत केंद्र सरकारचं प्रादेशिक सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्र आहे, ते आपल्याच अमरावती रोडवर गोंडखैरीला. नमुना न उघडलेल्या बाटलीचाच लागतो, म्हणून एकाच बॅचच्या दोन घ्या आणि एक सीलबंद ठेवा.

उघडलेली बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून आठ दिवसांत संपवा. बर्फाच्या कप्प्यात नको, गोठून पेशी फुटतात. उरलेली शेणखताच्या ढिगावर ओता आणि पाणी मारून झाका.